तड्याची पिलावळ

भिंगमामांनी तीस वर्षं कारखान्यातले तडे पाहिले. माणसं त्या मानाने कमीच. बघण्यासारखी नव्हतीच, असं त्यांचं मत.

पत्रा दाबून नग काढणाऱ्या मोठ्या प्रेसच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, चौकटीला वीतभर तडा होता आणि त्याच्या टोकाशी दोन्ही अंगांना केसासारखे बारीक तडे. मामा दर सोमवारी रॉकेल लावत, पुसत, खडू फासत. रॉकेल पाझरलं की टोक कळे, तिथे तारीख टाकत. आठ महिने टोक जागचं हललं नव्हतं. त्या प्रेसवर त्यांचा मेव्हणा होता. दिवसाकाठी हजारदा त्याचे हात साच्यात जात.

मग नवे साहेब आले. रुमालालाही इस्त्री करणारे. पाहुणे कारखाना बघायला येणार म्हणून त्यांनी फर्मावलं, "ही तड्यांची जाळी शोभत नाही. बारीक तडे वेल्डिंगने बुजवा, वर रंग मारा. मोठ्याचं नंतर बघू."

"साहेब, बाजूची ही पिलं ताण वाटून घेतात, म्हणून टोकाला आराम आहे. ती बुजवलीत तर सगळं त्या एकट्यावर येईल. पिलू टोकाच्या पुढे दिसलं, तर मात्र घात. ते टोकाला आणखी ओढतं."

"तडा तो तडा. त्यात चांगला-वाईट असतो होय?"

"साहेबांमध्ये असतो, तितपत असतो."

दात किडला तर मिशीला तेल लावणारी जात ही. दुपारपर्यंत पिलं बुजली आणि चौकट हिरवीगार झाली.

पाहुणे यायचे त्या सोमवारी मामांनी रंग खरवडला, रॉकेल लावून पुसलं, खडू फासला. टोक बोटभर सरकलं होतं आणि पुढ्यात दोन नवे केस. मामांनी प्रेसचा फ्यूज उपसून चष्म्याच्या डबीत टाकला.

"दाजी, पाहुणे गेटवर आलेत," मेव्हणा कुजबुजला.

"येऊ देत. तू हात धू. दहाही बोटं मोजून धू."

"ताई म्हणते, तुमच्याशी वाद घालू नये. धुतो."

साहेब धापा टाकत आले. "फ्यूज द्या."

"देतो की. पहिले दहा नग मात्र तुम्ही काढायचे. पाहुण्यांसमोर शोभेल."

साहेबांनी खडूवरची ओली रेघ पाहिली, साचा पाहिला आणि दोन्ही हात खिशात घातले. पाच मिनिटांनी ते पाहुण्यांना सांगत होते, "सुरक्षिततेसाठी हा प्रेस मी स्वतः बंद ठेवलाय."

मामांनी नव्या टोकाशी तारीख टाकली. या खेपेला शेजारी कारणही लिहिलं: रंग.