कडप्पाच्या ओट्यावरचं लिंबू

बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या आमच्या घरात अठरा वर्षं एक नियम होता: ओट्यावर लिंबू चिरायचं नाही. ओटा काळ्याभोर कडप्पाचा, सासऱ्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेला. लिंबाचा थेंब सांडला की पांढरट डाग पडायचा, आणि डाग पडला की सासूबाई सुरू. "अगं, ताटलीत चीर ना! यांचा ओटा आहे तो!"

मी पडले तापट. "एवढे लाड मी पोरांचे नाही केले," असं एकदा सुनावलंसुद्धा. सासरे गेल्यावर पाच वर्षं कशीबशी कळ काढली आणि यंदा ग्रॅनाइट ठरवूनच टाकलं. "तुमचं घर, तुमची मर्जी," एवढंच सासूबाई म्हणाल्या. गवंडी आला त्या सकाळी त्या न खाता खोलीत जाऊन बसल्या. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण हट्ट काही सुटेना.

मी शाळेत भूगोल शिकवते. गाळाच्या खडकांचा धडा आला की दरवर्षी माझी पंचाईत. बेंगळुरात जिथे बघावं तिथे ग्रॅनाइट नाहीतर त्याचीच भावंडं. शहराबाहेर देवनहळ्ळीला घरांच्या कुठल्याशा लेआउटसाठी खणलेल्या खड्ड्यात उतरून मी साडी फाडून घेतली, तिथेही तेच! मग काय, नुसता फळा. नदी गाळ आणते, तो पाण्याच्या तळाशी थरावर थर बसतो, वरच्या वजनाने दबतो, कण एकमेकांना धरून ठेवतात. वाळूचा झाला तर वालुकाश्म, चिखलाचा झाला तर पंकाश्म, चुन्याचा झाला तर चुनखडक. चुनखडक ओळखायची खूण म्हणजे त्यावर आम्ल टाकलं की फसफसतो. "पण मुलांनो, आपल्याकडे तो बघायला मिळत नाही." असं मी दरवर्षी छातीठोकपणे सांगायची.

त्या सकाळी गवंड्याने सिंकजवळचा कोपरा छिन्नीने उडवला. तुकडा उचलायला वाकले तर त्याच्या कडेला थर! चपातीच्या पापुद्र्यांसारखे, एकावर एक. आणि ते डाग? अगं बाई, लिंबू म्हणजे आम्लच की!

"अण्णा, थांबा! हात लावू नका!"

अर्धं लिंबू आणून मी छिन्नीखालच्या भुकटीवर पिळलं. बारीक बारीक बुडबुडे आले. खरंच आले! मी किंचाळलेच. "आई! आई, लवकर या!"

कुणाला तरी लागलं असं वाटून सासूबाई धावत आल्या. मी धाप लागल्यासारखी बोलत सुटले. "आई, हे लिंबाचे बुडबुडे बघा! हा चुनखडक आहे, समुद्राचा तळ आहे! डायनासोरच्याही आधीच्या समुद्राचा! आपण त्यावर पोळ्या लाटतोय, आणि मी मूर्ख खड्डे शोधत हिंडतेय!"

त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे... काढायचा नाही?"

"कुणी हात तर लावून बघू दे!"

"सरी, अक्का," म्हणजे बरं, ताई, असं म्हणत गवंड्याने हसत छिन्नी पिशवीत टाकली.

सासूबाई ओट्यावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. मग त्यांनी फ्रिजमधून आणखी एक लिंबू काढलं, ताटली न घेता सरळ ओट्यावर ठेवून चिरलं आणि एक फोड माझ्यापुढे धरली.

"मघाशी मला नीट दिसलं नाही. परत दाखव."