कोटाचं दुसरं बटण

परवा पनवेलला एक विचित्र दुपार गेली... अजून डोक्यातून जात नाहीये.

माझे काका तिथे फोटो स्टुडिओ चालवायचे. त्यांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलंय आणि घरात त्यांचा धड एक फोटो नाही! लग्नाचा अल्बम पुरात गेला, आणि मतदार कार्डावरचे काका तर काकूलाही ओळखू येईनात.

म्हणून खांदा कॉलनीत काकूकडे त्यांचा जुना कॉम्प्युटर लावून बसलो. आत फोटोंच्या सगळ्या जुन्या BMP फाइल्स, एकेक हत्तीएवढी. म्हटलं, सगळ्या JPG करून हलक्या करून टाकू, त्यात कुठेतरी काका सापडतीलच. काकू मागे खुर्ची टाकून बसली.

BMP मध्ये चित्र खालून वर साठवलेलं असतं. त्या म्हाताऱ्या मशीनवर ते तळापासून सावकाश चढायचं... आधी काळा कोट, मग टाय, मग मान, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. कुणीतरी आजोबा होते. पुढची फाइल उघडली... तोच कोट, तोच टाय, चेहरा भलत्याचाच. त्याच्या पुढचीही तशीच. अंगावर काटा आला हो.

मग लक्षात आलं, ही सगळी गेलेली माणसं. लोक ग्रुप फोटोतला एवढासा चेहरा घेऊन यायचे आणि काका तो कोटावर बसवून, मोठा करून द्यायचे. उरणजवळच्या मोरा बंदरातल्या एका मावशींचं बोलणं ते नेहमी सांगायचे... "उभ्या जन्मात कोट नाय घातला आमच्या म्हाताऱ्यानं, आता तरी घाला."

इतक्यात काकूने स्क्रीनवर बोट ठेवलं. कोटाचं दुसरं बटण तपकिरी होतं, बाकीची काळी.

"हे मी लावलंय," ती म्हणाली. "आमच्या लग्नातला कोट आहे हा. ह्यांचा."

मी नीट बघितलं. डावा खांदा जरा उतरलेला... कॅमेऱ्याची बॅग वाहून वाहून काकांचा उतरला होता तसाच. म्हणजे कोट रिकामा नव्हताच कधी. ही सगळी माणसं काकांच्या अंगावर उभी होती!

मग काकांचा मूळ फोटो? सगळ्यात जुनी फाइल शोधली आणि उघडली. कोट, तपकिरी बटण, टाय, मान... आणि तिथेच अडकलं. हार्ड डिस्क नुसती करकरत होती. वर चेहराच नसला तर, या विचाराने मला खरंच भीती वाटली. काकूने माझा खांदा घट्ट धरला होता.

मग हनुवटी आली. मिशी. डोळे. काका सरळ आमच्याकडे बघत होते.

काकूने पदर सारखा केला आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "आलात?"

मी फाइल तेवढी गुपचूप JPG करून घेतली.

आता फ्रेम झालीये. पण पनवेल-उरणकडे कुणाच्या घरी कोटातला, हार घातलेला फोटो दिसला की माझी नजर आधी दुसऱ्या बटणाकडे जाते. तपकिरी असलं तर मी दोन नमस्कार करतो... एक त्यांच्या माणसाला, एक आमच्या.