आमच्या घराचं दार

शिंगणापुरात किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. घरांना दारंच नाहीत, त्यामुळं ते आपोआप आत येतात! पण आमच्या स्वराच्या आजारपणात शेजारच्या आजीनं जे केलं, ते सांगताना माझी छाती आजही फुगते.

*

स्वरा माझी धाकटी. सारखा न्यूमोनिया व्हायचा. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हिच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशीच नीट तयार होत नाहीत. जन्मजात दोष आहे."

माझी आई म्हणाली, "म्हंजी आत राखणदारच न्हाई? मग त्यात काय! आपल्या घराला तरी कुठं कुलूप हाय?"

डॉक्टर हसले. उपाय एकच होता, घरातल्या कुणाची तरी बोनमॅरो जुळायला हवी होती.

*

जुळली थोरल्या गौरीची. गल्लीतली एक नंबरची भांडखोर पोर!

डॉक्टर म्हणाले, "थोडं दुखेल हं बाळा."

"दुखू द्या. पन उद्या ही माझ्यासारखी भांडाय लागली, तर मला बोलायचं न्हाई!"

"अगं, त्यासाठीच तर घेतोय!"

*

ऑपरेशन पार पडलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "नव्या पेशी रुजेपर्यंत वेगळी खोली, दार बंद. साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतेल."

"डॉक्टर, दार नाहीये."

"खोलीला?"

"गावाला!"

त्यांनी कपाळाला हात लावला. "काय वाट्टेल ते करा, पण दार लावा."

बायको म्हणाली, नगरला खोली घेऊ. ते शेजारच्या भामाआजीनं ऐकलं. ही बाई आयुष्यभर हाक न मारता थेट आमच्या चुलीपर्यंत येणारी. म्हणाली, "नगरला कशापायी? मी हाय की!"

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःची बाज आमच्या उंबऱ्यासमोर आडवी टाकली. त्या दिवसापासून तिनं स्वतःही आत पाऊल टाकलं नाही. खिडकीतून स्वराला गोष्टी सांगायची, त्याही मास्क लावून.

*

बेलापूरहून माझा मेहुणा पेढे घेऊन आला आणि बाजेपाशी येऊन खोकला.

"पेढे ठिव. तू जा."

"आजी, मी मामा हाय तिचा!"

"खोकला काय नातं इचारून येतो व्हय?"

बिचारा चहा न घेता बेलापूरला परत!

*

निवडणुकीच्या हंगामात एक पुढारी हार घेऊन 'भेटीला' आले. सोबत फोटोवाले, कार्यकर्ते, सगळी फौज. आजी बाजेवरनं उठलीसुद्धा नाही.

"सायेब, नमस्कार तिथनंच पोचतो. हार अंगणातल्या लिंबाला घाला."

साहेबांनी मुकाट्यानं हार लिंबाला घातला. फोटोही लिंबाबरोबरच काढला!

*

मग आला तपासणीचा दिवस. भामाआजी हट्टानं पुण्याला सोबत आली आणि केबिनबाहेरच्या बाकावर बसली. आत स्वराला घेऊन आम्ही बसलो होतो आणि डॉक्टर रिपोर्ट वाचत होते. बायकोनं माझा दंड घट्ट धरला होता.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पेशी छान रुजल्यात. पोरगी वाचली तुमची! आणि इतक्या महिन्यांत एकही इन्फेक्शन नाही. कमाल आहे! दार कसलं लावलंत हो? लाकडी की काचेचं?"

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "ए दादा, मास्क नाकावर घे आदी! आत आमची पोर हाय!"

स्वरानं केबिनबाहेरच्या बाकाकडं बोट दाखवलं.

"सोबतच आणलंय!"