ऑस्बर्टचा डावा हात

आमच्या बेटावर, लाव्हेंटीलच्या टेकडीवर ऑस्बर्ट नोरीएगाला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. त्याच्या तरुणपणी पॅन वाजवणारा म्हणजे उडाणटप्पू, अशीच समजूत होती. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून केलेलं ते वाद्य बापानं रागाच्या भरात ओढ्यात फेकलं. ऑस्बर्टनं दुसरं ठोकून काढलं. पुढे तो गोदीत वेल्डर झाला, आमच्या बँडचा पहिला वादक झाला, लंडन-टोरांटोला वाजवून आला. तिकडे राहायचा आग्रह झाला, तरी कार्निव्हलच्या आधी स्वारी घरी हजर.

त्याच्या बायकोचा, यूलाचा मात्र पॅनवर राग. "माझं लग्न माणसाशी झालंय की पिंपाशी?" असं ती आमच्यादेखत विचारायची.

साठी उलटल्यावर त्याला अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. तो बँडच्या आवाराकडे फिरकेना. तिथला आवाज आला की खिडकी लावून घ्यायचा.

एकदा मी पेलाऊ भाताचा डबा घेऊन गेलो, तर यूला त्याच्या डावीकडे टोकाला रबर लावलेली वाजवायची काडी धरून पॅनवर वाकलेली.

"अगं, हळू. भांडी घासतेयस का?" ऑस्बर्ट म्हणाला.

"भांडी बरी, उलट बोलत नाहीत. पुढचा सूर कुठला ते सांग."

तो हसला. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

उजव्या हाताचे सूर त्याचे, डाव्याचे तिचे. रुसत, भांडत ती शिकली. कार्निव्हल जवळ आला तशी स्वतःच आमच्या कप्तानाकडे, रॉयस्टनकडे दोघांसाठी बँडमध्ये जागा मागायला गेली.

"मावशी, कार्निव्हलच्या स्पर्धेतली गत फार जलद असते. झेपेल तुम्हाला?"

"तुझ्या जन्माआधीपासून ऐकतेय मी. तेही मनात नसताना."

रॉयस्टननं पहिल्या ओळीत जागा करून दिली.

स्पर्धेत मी त्यांच्या मागेच होतो. शेवटच्या द्रुत भागात यूलाच्या हातून काडी निसटली. ती वाकून उचलेपर्यंत ऑस्बर्टचा एकटा हात पॅनभर धावत राहिला. कितीतरी सूर सुटले, पण लय सुटली नाही. उभी राहताच तिनं नेमका पुढचा सूर पकडला. आयुष्यभर मी पॅन ऐकत आलोय, पण त्यापेक्षा मोठं वादन मी ऐकलेलं नाही.

आमचा चौथा नंबर आला. रॉयस्टन हिरमुसला. ऑस्बर्ट मात्र तिच्या बोटांवरचे फोड बघत बसला होता.

हल्ली रविवारी चर्च सुटलं की दोघं अंगणात वाजवतात. काय वाजवायचं ते यूला ठरवते.