सासूबाईंसाठी मजबूत कुंडी

दिल्लीत माझ्या हातून जे होऊन बसलं, ते ऐकून तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे. हसा बापडे. मला मात्र ते आठवलं की अजून चुटपुट लागते.

नव्वदीचं दशक लागलं होतं. बाहेरच्या कंपन्या देशात येत होत्या, त्यातल्याच एकीने आमच्या ह्यांना पुण्याहून उचलून दिल्लीत नेऊन टाकलं. मयूर विहारच्या नव्याकोऱ्या सोसायटीत फ्लॅट मिळाला, मलाही नोकरी लागली, आणि सासूबाई साताऱ्याहून राहायला आल्या. तिकडे त्यांचं मोठं अंगण, दारावरून जाणारा प्रत्येक माणूस ओळखीचा. इथे आम्ही दोघं ऑफिसला गेलो की त्या आणि चार भिंती. थोड्याच दिवसांत म्हणाल्या, "सुनीता, मी जाते गं परत. इथं मला करमत नाही."

मला फार वाईट वाटलं. हे म्हणाले, "बाल्कनीत मोगरा लावून दे, रमेल ती."

मोगऱ्याला कुंडी हवी. कोपऱ्यावर चोप्राजींचं हार्डवेअरचं दुकान होतं. नळ, पाइप, बादल्या, वाटेल ते मिळायचं. ऑफिसला जाता जाता शिरले.

"भाईसाब, एक बड़ी कुंडी चाहिए. बालकनी के लिए."

"मज़बूत दूँ?"

"एकदम मज़बूत. सासूमाँ के लिए है."

चोप्राजींचा हात थांबला. "माताजी के लिए?"

"हाँ. घर में मन नहीं लगता उनका. बस, जाती हूँ, जाती हूँ करती हैं. अब दिनभर बालकनी में रहेंगी तो शांत रहेंगी."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "आपके पति को पता है?"

"उन्हीं का तो आइडिया है."

"ठीक है जी. मिस्त्री भेज दूँगा, लगा देगा."

झाड लावायला माणूससुद्धा घरी येणार? मनात म्हटलं, याला म्हणतात नवा जमाना. आणि खुशीत ऑफिस गाठलं.

संध्याकाळी येऊन बघते तर घर बायकांनी भरलेलं. मिसेस चोप्रा आणि सोसायटीतल्या चारपाच जणी. मधे सासूबाई, हातात लस्सीचा पेला. आणि बाल्कनीच्या दाराला वीतभर लांबीची चकचकीत कडी.

"बेटा," मिसेस चोप्रा म्हणाल्या, "बुढ़ापा सबको आता है."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आपली कुंडी म्हणजे त्यांचा गमला. त्यांची कुंडी म्हणजे दाराची कडी! मी म्हातारीला बाल्कनीत कोंडायला निघाले होते, तेही नवऱ्याच्या संमतीने. त्यात सासूबाईंना हिंदीचा गंध नाही. "बहू बालकनी में रखेगी?" असं विचारल्यावर त्या दुपारभर मोठ्या आनंदाने "हाँ, हाँ" म्हणत होत्या.

मी मोगऱ्यापासून सगळं समजावलं. काही जणी हसल्या, काही जणींनी नुसत्याच माना डोलावल्या. आणि माझं लक्ष सासूबाईंकडे गेलं. दिल्लीत आल्यापासून इतका फुललेला चेहरा मी पाहिला नव्हता. त्यांना माणसं हवी होती हो. शेजारचं दार वाजवून "आमच्या आई आल्यात, भेटायला या" एवढं म्हणायचं होतं. ते मला सुचलं नाही. मी दुकानात गेले.

माझे डोळे भरलेले बघून सासूबाई कळवळल्या. सुनेची बाजू घ्यायला, होतं नव्हतं ते सगळं हिंदी गोळा करून, उठून उभ्या राहिल्या.

"बहू बहुत अच्छी है," त्या ठासून म्हणाल्या. "अब तक मारा नहीं."

मिसेस चोप्रांनी माझा हात हातात घेतला.

"शाबाश बेटा," त्या म्हणाल्या. "ऐसे ही कोशिश करती रहो."

आणि मी, काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, "जी."