कोरडी राहिलेली काच

लॅबमध्ये तिला सगळे पातळताई म्हणत. अंगाने बाई चांगली भरभक्कम. नाव पडलं ते हाताच्या कामावरून. मेणात बसवलेल्या, दोऱ्याएवढ्या तुकड्याचे ती असे काप काढायची, की पाण्यावर सोडल्यावर आहेत की नाहीत ते डोळे ताणून बघावं लागे. एकवीस वर्षं हेच. "नमुना म्हणजे नंबर," ती नव्या मुलींना दटावायची, "नाव विचारलंत की हात हलतो."

त्या मंगळवारी मात्र नंबर कुणाचा हे तिला न विचारताच कळलं. धाकट्या भावाची बायोप्सी आदल्या दिवशी झाली होती, आणि प्रत्यारोपण केलेल्या किडनीचा नमुना तो एकच आला होता. सहा वर्षांपूर्वी ही किडनी तिनेच त्याला दिली होती. म्हणजे पात्याखाली होतं ते तिचंच मांस. पहिला काप निघाला आणि डाव्या कुशीत, जिथे आता काहीच उरलं नव्हतं, तिथे कळ उठली. दुसऱ्या कापाला पुन्हा. पातं थांबवलं की कळही थांबे. वय झालं आता, असं ती स्वतःशी म्हणाली खरी, पण अंगावर काटा आला होता.

शोधायचं होतं ते एवढंच: भावाच्या रक्ताने ही किडनी परकी ठरवली आहे का? ठरवली असेल, तर रंग दिल्यावर बारीक रक्तवाहिन्यांभोवती तपकिरी कडी दिसतात. प्रत्येक काचेवर रुग्णाच्या कापाशेजारी ती एक साक्षीदार काप ठेवायची, कुणाच्या तरी शरीराने पूर्वीच नाकारलेल्या किडनीचा. तो तपकिरी व्हायलाच हवा. नाही झाला, तर रंगकामच फसलं म्हणायचं.

दुपारी तिने काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. एकही कडं नाही. तिचा जीव भांड्यात पडला. लॅबच्या डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. "काय गं, स्वच्छ आहे ना? तुझ्या भावाला आज घरी सोडायचं म्हणतायत."

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. सवयीने तिने काच जराशी सरकवली. साक्षीदारही कोराच होता.

ट्रेमधल्या अकराही काचांवर तिने स्वतः मोजून रंगाचे थेंब सोडले होते. बाकीच्या दहा चोख रंगल्या होत्या. नेमकी हीच कोरडी राहिली. आपल्या हाताने आपल्याला न विचारता ही काच टाळली, हे लक्षात आलं आणि ती त्या हाताकडे बघतच राहिली. तिला त्याची भीती वाटली.

"बाई, ही काच जमेस धरू नका," ती म्हणाली. "थेंब चुकला माझा. पुन्हा करते. तोवर त्याला सोडू नका."

या खेपेला तिने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून थेंब सोडला. संध्याकाळी साक्षीदार तपकिरी झाला. शेजारी तिचा काप होता, आणि त्यात कड्याला कडं लागून तपकिरी होतं.

डॉक्टरीणबाईंनी लगेच वॉर्डात कळवलं. मग तिने भावाला फोन लावला. "आजच औषध सुरू करतायत. वेळेत सापडलंय, घाबरू नकोस."

"ताई, तुझी किडनी," तो म्हणाला, "माझ्या रक्ताला परकी कशी वाटली गं?"

तिला रडू फुटलं. फोन ठेवायला तिने कानाशी धरलेला उजवा हात खाली घेऊ पाहिला. डावा हात कधी कोण जाणे पुन्हा त्या मनगटावर आला होता, आणि काही केल्या सोडत नव्हता.