सही सेक्रेटरींची

इस्पितळाच्या धुलाईघरात त्यांना सगळे सेक्रेटरीच म्हणत. काम बॉयलर सांभाळायचं, पण युनियनचं सेक्रेटरीपद सलग अकरा वर्षं त्यांच्याकडे होतं. साहेबांच्या केबिनमध्ये न अडखळता बोलेल असा दुसरा माणूस तिथं नव्हता.

निवृत्तीला सहा वर्षं उरली असताना व्यवस्थापनानं करार पुढे ठेवला. कामावर असलेल्यांची पेन्शन कायम राहील. यापुढे भरती होणाऱ्यांना मात्र पेन्शन नाही. त्यांच्या पगारातून फंड कापायचा आणि शेवटी जे काही साचेल ते हातावर ठेवायचं. सभेत तासभरसुद्धा वाद झाला नाही.

"जे अजून आलेच नाहीत, त्यांच्यासाठी आपण का भांडत बसायचं?" सेक्रेटरी म्हणाले. लोक हसले. त्यांनी सही ठोकली.

पुढच्याच वर्षी त्यांच्या मुलीचा संसार मोडला आणि ती माहेरी परतली. सेक्रेटरींनीच खटपट करून तिला धुलाईघरात चिकटवली. बाप बॉयलरवर, लेक मशीनवर. ओल्या चादरींचा गठ्ठा माणसाएवढा जड. तो ड्रममधून ओढून ढकलगाडीवर टाकायचा, दिवसातून तीस-चाळीस वेळा. जेवणाच्या सुट्टीत जुन्या बायका निवृत्तीनंतरचे बेत सांगत. ही खाली मान घालून जेवायची.

एकदा घरी तिनं विचारलंच, "बाबा, सही करताना मी तिथं लागेन असं वाटलं नव्हतं ना?"

"नव्हतं गं."

"म्हणजे दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर चाललं असतं."

त्या रात्री ते जेवणावरून उठले ते तसेच.

निवृत्त झाल्यावर ते हात धुऊन एकाच कामामागे लागले. जुन्या-नव्या कामगारांमधली ही तफावत मिटवणारा कायदा व्हायला हवा. बारा वर्षं त्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. जुने सोबती तुटले. "आमच्या ताटातलं काढून त्यांना वाढणार का रे?" असं एकानं भर रस्त्यात ऐकवलं. शेवटी कायदेमंडळाच्या समितीपुढे साक्षीला बोलावणं आलं.

"करारावर सही कुणाची?" एका सदस्यानं विचारलं.

"माझीच."

"मग आता तक्रार कसली?"

"जे आपलं नव्हतं ते मी देऊन टाकलं, साहेब. तेवढं सांगायला आलोय."

विधेयक मंजूर झालं. धुलाईघरातल्या पोरांनी सेक्रेटरींना खांद्यावर घेतलं. त्यांना खाली उतरवल्यावर कुणीतरी शेवटचं कलम वाचलं. कायदा लागू होईल त्या दिवशी जे सेवेत असतील, त्यांनाच लाभ मिळणार होता. सोळा वर्षं चादरी ओढून मुलीच्या मणक्यातली चकती सरकली होती. सात महिन्यांपूर्वीच तिनं नोकरी सोडली होती.

ते घरी आले तेव्हा ती कमरेला पट्टा बांधून भिंतीला टेकून बसली होती.

"वाचलं मी," ती म्हणाली.

"दुरुस्ती करून घेऊ. अर्ज करतो उद्याच."

"पुरे आता, बाबा."

"अगं, माझी पेन्शन आहे की. तुला काही कमी पडेल का?"

"तुम्ही आहात तोवर."

तरीही ते युनियनच्या ऑफिसात गेलेच. नव्या सेक्रेटरीनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. "काका, सोडून गेलेले पन्नासेक असतील. त्यांच्यासाठी हजारो लोकांचा कायदा पुन्हा लटकवू? तुम्हीच सांगा." पाणी पिऊन ते उठले.

दुसऱ्या वर्षी हृदयविकारानं ते गेले. पेन्शन निम्मी होऊन बायकोच्या नावावर आली, ती आहे तोवर. मायलेकी त्यावर राहतात. आई आता सत्त्याहत्तरची आहे. मुलगी तिच्या गोळ्यांची एकही वेळ चुकू देत नाही, जिना एकटीला उतरू देत नाही, साधी शिंक आली तरी डॉक्टर गाठते.

"लेक असावी तर अशी," शेजारीण परवा म्हणाली.

"आई आहे तर सगळं आहे," मुलगी म्हणाली. शेजारणीचे डोळे भरून आले. मुलीनं तोंड फिरवलं आणि आईची चप्पल पुसायला घेतली, जिन्यात पाय घसरू नये म्हणून.